बकेटच्या दाताला अडकवलेली साखळी

ड्रेनेजच्या चरात पाइप उतरवताना एखादा मजूर गेला की पुढच्या आठ दिवसांत काय होतं, ते आता मला पाठ झालंय. पहिल्या दिवशी पोकलेनच्या ऑपरेटरवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होतो. दुसऱ्या दिवशी मागणी येते की पोकलेन हे खोदायचं यंत्र आहे, त्याने वजन उचलायला बंदीच घाला, क्रेन आणा. तिसऱ्या दिवशी ठेकेदार म्हणतात, क्रेन परवडणार नाही आणि आमचा ऑपरेटर वीस वर्षांचा अनुभवी आहे. आठवडा संपता संपता कुणीतरी प्रशिक्षणाचा विषय काढतं, एका हॉलमध्ये दोन तासांचं शिबिर होतं, प्रमाणपत्रं वाटली जातात. तोवर चरात पाइप उतरवणं पुन्हा सुरू झालेलं असतं, त्याच साखळीने.

पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाच्या कामांवर साइट इंजिनिअर म्हणून मी बावीस वर्षं काढली. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पोकलेनने वजन उचलणं बंद होणार नाही, आणि सरसकट बंद करायची गरजही नाही. पण खोदणं आणि उचलणं हे दोन वेगळे हुन्नर आहेत. पहिला आला की दुसरा आपसूक येतो, असं आपण धरून चाललोय आणि त्यापायी माणसं मरतायत. उचलायचं शिक्षण वेगळं द्यायला हवं, ते चराच्या काठावर द्यायला हवं, आणि ऑपरेटरबरोबर खाली उभ्या असलेल्या माणसांनाही द्यायला हवं. त्या शिक्षणात सगळ्यात आधी काय यायला हवं? "हे मी उचलणार नाही" असं म्हणणं. बंदी मागणारे, अनुभवाचा दाखला देणारे आणि शिबिरं भरवणारे, तिघांच्याही बोलण्यात नेमकी हीच गोष्ट येत नाही.

आपल्याकडे ट्रॅकवर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर, चालणाऱ्या कुठल्याही एक्स्कॅव्हेटरला पोकलेन म्हणतात, त्यावर नाव कुठल्याही कंपनीचं असो. पोकलेन मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव, आणि जेसीबी ही जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाची आद्याक्षरं. ही दोन्ही नावं आपल्या बोलण्यात खोदकामाशी इतकी चिकटलीत की ही यंत्रं दिवसातले दोन-तीन तास क्रेनचं काम करतात, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. खोदताना बकेट जमिनीत रुतलेली असते. जमीन कडक लागली तर इंजिन कण्हतं, यंत्राचं नाक उचललं जातं, आणि बसलेल्या माणसाला ते बुडाखाली कळतं. तिथे चूक झाली तर बहुतेक वेळा दात मोडतो. उचलताना मात्र वजन हवेत मोकळं असतं, झोका घेतं, आणि तराफ्याच्या टोकाला बसलेल्या माणसासारखं सगळं यंत्र आपल्याकडे ओढतं. इशारा मिळेपर्यंत उशीर झालेला असतो.

आकडे बघा. 900 मिमी आतल्या व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा आरसीसी पाइप घ्या. भिंतीची जाडी 100 मिमी धरली तर त्यात साधारण 0.78 घनमीटर काँक्रीट बसतं, म्हणजे जवळपास दोन टन. हा पाइप यंत्राच्या मध्यापासून चार मीटरवर टांगलेला असेल तर यंत्राला कलंडवू पाहणारा जोर आठ टन-मीटर होतो. आर्म, म्हणजे बकेट धरणारा पुढचा हात, लांबवून तोच पाइप आठ मीटरवर नेला की सोळा. शिवाय बूम (यंत्राला जोडलेला मागचा मोठा हात) आणि आर्मचं स्वतःचं वजनही तेवढंच बाहेर सरकलेलं असतं. पाइप समोर असताना ट्रॅकची लांबी यंत्राला सांभाळते. यंत्र नव्वद अंशांत फिरलं की सांभाळायला फक्त रुंदी उरते आणि ती लांबीपेक्षा कमी असते. म्हणजे ट्रकवरून जो पाइप सहज उचलला, तोच चरावर नेताना यंत्र आडवं होऊ शकतं, आणि मधल्या वेळात ऑपरेटरने लिव्हर एवढीशी फिरवलेली असते. किती अंतरावर किती वजन उचलायचं याचा उत्पादक कंपनी देते तो तक्ता याच हिशेबावर उभा असतो. आयएसओ 10567 या मानकाप्रमाणे यंत्र कलंडायला लागतं त्या वजनाच्या 75 टक्के, किंवा हायड्रॉलिक्सच्या ताकदीच्या 87 टक्के, यातला जो आकडा लहान तो त्या अंतरावर उचलायची मर्यादा. आणि हा आकडा कडक, सपाट जमिनीवरचा असतो. आपल्या चराच्या काठाला कडक, सपाट जमीन कधी असते?

एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. जुलै महिना, काळी माती, चर साडेतीन मीटर खोल. त्या साइटवरचा ऑपरेटर लातूरकडचा, वयाने माझ्याहून मोठा, आम्ही सगळे त्याला मामा म्हणायचो. बकेटने तो चराचा तळ असा सारखा करायचा की लेव्हल लावून बघितलं तर बोटभरही फरक निघू नये. त्याच्यासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. पाइप उतरवताना तो बकेटच्या मधल्या दाताला साखळी अडकवायचा. मी एकदा विचारलं होतं, "मामा, ही सुटली तर?" तो म्हणाला, "साहेब, दात धरतो साखळीला. माझ्या उस्तादाने असंच शिकवलंय." त्या दिवशी फिरताना बकेट थोडी उघडली, साखळी दातावरून घसरली, पाइप काठावर आपटला आणि चराच्या दिशेने घरंगळला. खाली उभा असलेला हेल्पर उडी मारून वाचला, पण डाव्या पायाची दोन बोटं गेली. बकेटच्या मागच्या बाजूला उचलण्यासाठीच दिलेली कडी होती. ती मातीने बुजलेली होती आणि तिचा उपयोग काय, हे त्या साइटवर कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी चार वर्षं शिकून आलेला इंजिनिअर दहा फुटांवर उभा होतो आणि कॉलेजात हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. ठेकेदाराने मामाला दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. नवा ऑपरेटर आला, त्यानेही साखळी दातालाच लावली.

म्हणून "आमचा माणूस अनुभवी आहे" या वाक्याची मला धास्ती वाटते. अनुभव खोटा नसतो. तेलाच्या आवाजावरून पंप थकलाय हे ओळखणारी ही माणसं आहेत आणि त्यांच्या हाताला जे कळतं ते कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. पण हा अनुभव येतो कसा? पोरगा हेल्पर म्हणून यंत्रावर चढतो, ग्रीस मारतो, यंत्राशेजारीच झोपतो, उस्ताद जेवायला गेला की लिव्हर हातात घेतो. उस्तादाकडून हात येतो, तशी उस्तादाची खोडही येते. आणि चुकीच्या पद्धतीने उचललेले शंभरातले नव्याण्णव पाइप सुखरूप खाली जातात, तेव्हा प्रत्येक वेळी ती खोड आणखी पक्की होते. तिला बाहेरून कुणी हात घातल्याशिवाय ती सुटत नाही.

आता बंदीचा मुद्दा. त्यातली ताकद मी मान्य करतो. क्रेन उचलण्यासाठीच घडवलेली असते. तिला हूक असतो, वायर रोप असतो, वजन हद्दीबाहेर गेलं की ओरडणारं यंत्र असतं. मोकळी जागा, पक्की जमीन आणि मोठं वजन असेल तिथे क्रेनच हवी, आणि पैसे वाचवायला पोकलेन वापरणाऱ्याला दंड व्हायलाच हवा. पण आपली निम्मी कामं होतात कुठे? चार मीटर रुंदीच्या गल्लीत, एका बाजूला घरांचे ओटे, दुसऱ्या बाजूला चर, मध्ये पोकलेन. तिथे क्रेन शिरणार कुठून? आणि क्रेन म्हणजे प्रत्यक्षात येतो तो हायड्रा, चाकांवरची छोटी क्रेन. वजन पुढे लोंबकळत ठेवून तो ओल्या मातीवरून चालत येतो आणि वळताना त्याचा तोल जातो. अनेक मोठ्या कंपन्यांनी आपल्या साइटवर जुन्या हायड्राला याच कारणाने बंदी केली. एक धोका काढून त्याच्या जागी दुसरा बसवायचा असेल तर दोन्हींचा हिशेब आधी मांडायला हवा. बंदी मागणाऱ्यांनी तो मांडलेला मी पाहिलेला नाही. दुसरं असं की बंदी कागदावर राहते आणि काम अंधारात जातं. पोकलेनने उचलायला मनाई असलेल्या एका साइटवर उचलायच्या कड्या कापून टाकल्या होत्या, म्हणजे कुणाला मोह होऊ नये. पाइप रात्री साहेब घरी गेल्यावर उतरत होते. कडी नव्हती, म्हणून साखळी पुन्हा दाताला.

ब्रिटनने हा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. तिथे 1998 च्या उचलकामाच्या नियमांखाली यंत्राचं नाव काय याला महत्त्व नाही, काम काय आहे याला आहे. एक्स्कॅव्हेटरने पाइप उचलायला घेतला की ते उचलकाम झालं. त्याचं नियोजन जाणकार माणसाने करायचं, त्यावर देखरेख ठेवायची. ऑपरेटरच्या कार्डावर उचलकामाची नोंद वेगळी असते. तिथल्या युरोपीय मानकाप्रमाणे एक टनाच्या वर वस्तू उचलणाऱ्या एक्स्कॅव्हेटरला हायड्रॉलिक्सची नळी फुटली तरी बूम धाडकन खाली येऊ नये म्हणून झडप लागते आणि जास्त वजनाचा इशारा देणारं साधन लागतं. तिथेही अपघात होतात. पण अपघातानंतर पहिला प्रश्न "हे उचलायचं कुणी ठरवलं?" असा असतो. आपल्याकडे पहिला प्रश्न "ऑपरेटर कुठे पळाला?" हा असतो.

हे परदेशातलं, आपल्याकडे चालणार नाही, असं म्हणणाऱ्यांना मी बॉयलरची आठवण देतो. 1863 साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलरच्या तपासणीचा कायदा झाला आणि 1923 साली तो देशभरासाठी आला. तेव्हा बॉयलर बंद करा असं कुणी म्हटलं नाही, आणि आमचा आगवाला जुना आहे एवढ्यावरही कुणी भागवून नेलं नाही. आज सोलापूर-कोल्हापूरकडच्या कुठल्याही साखर कारखान्यात जा. बॉयलर अटेंडंट हा परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेला माणूस असतो. हंगाम कितीही तोंडावर आला तरी अध्यक्षांच्या भाच्याला त्या जागी बसवता येत नाही. प्रेशर वाढतंय म्हणून तो आग कमी करायला लावतो तेव्हा चीफ केमिस्टही त्याचं ऐकतो. बॉयलर अजूनही फुटतात, हे खरं. पण धोक्याच्या यंत्राजवळच्या माणसाला शिक्षण आणि शिक्षणाबरोबर वजन देता येतं, हे या मातीत दीडशे वर्षांपूर्वी जमू लागलं होतं. मुंबईच्या गोदीतही जहाजावरून माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांच्या सुरक्षेसाठी 1934 साली कायदा झाला. मग गोदीत उतरलेला दोन टनांचा नग फाटकाबाहेर येऊन चरावर लटकला की त्याच्याखालच्या माणसाचा जीव स्वस्त कसा होतो?

कायदा नाही असंही नाही. बांधकाम कामगारांचा 1996 चा कायदा होता, त्याखालचे 1998 चे केंद्रीय नियम, आता तो विषय कामगारांच्या सुरक्षेच्या 2020 च्या संहितेत गेला. त्या नियमांत उचलयंत्र चालवणारा आणि इशारे देणारा माणूस अठरा वर्षांवरचा, समर्थ आणि धोक्यांची जाण असलेला हवा, असं म्हटलंय. अडचण अशी की उचलयंत्रं एका प्रकरणात आहेत आणि एक्स्कॅव्हेटर माती हलवणाऱ्या यंत्रांच्या दुसऱ्या प्रकरणात. उचलायला वापरलं की ते उचलयंत्रच, असा अर्थ लावता येतो आणि लावायला हवा. पण साइटवर तो कुणी लावत नाही. क्रेन आली की चाचणीचा दाखला मागतात, पोकलेन आलं की फक्त डिझेल किती खातं ते विचारतात.

1 ऑगस्ट 2023 च्या पहाटे शहापूर तालुक्यात सरळांब्याजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावरचा गर्डर लाँचर, म्हणजे पुलाच्या तुळया उचलून बसवणारं यंत्र, कोसळला आणि 20 माणसं गेली. सगळा देश हळहळला आणि हळहळायलाच हवं होतं. चरातली माणसं मात्र एकेक करून जातात. त्यांची बातमी आतल्या पानावर दोन ओळींची असते, म्हणून त्यांच्यावर उपाय शोधायचा दबावही तेवढाच.

प्रशिक्षणावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप असा की आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे कागद. हा आक्षेप मी खोडणार नाही. पायाभूत यंत्रसामग्रीसाठी कौशल्य परिषद आहे, एक्स्कॅव्हेटर ऑपरेटरचे अभ्यासक्रम आहेत, तरी मी काम केलेल्या साइटवर असं प्रमाणपत्र खिशात असलेला माणूस मला क्वचितच भेटला, आणि भेटला त्यालाही उचलायचा तक्ता वाचता येत नव्हता. पण परीक्षा कागदावर घेतली तर शिक्षण कागदाचंच होणार. उचलकाम शिकवायचं तर खराखुरा चर हवा, खराखुरा पाइप हवा. तोच पाइप चार मीटरवर आणि सात मीटरवर उचलून दाखवायला हवा, म्हणजे मागचा ट्रॅक हलका होतो तो क्षण ऑपरेटरच्या अंगाला कळेल. ज्यांचं अक्षरज्ञान कमी त्यांच्यासाठी तक्ता चित्रांत हवा आणि अंतर पावलांत मोजायला शिकवायला हवं. हायड्रॉलिक्सचा आवाज ओळखणाऱ्या माणसाला चित्रातला तक्ता कळणार नाही, असं म्हणणं त्याचा अपमान आहे. साखळीचा कुठला दुवा ताणलाय, बेल्टचा कुठला धागा तुटलाय, बकेट आणि शॅकलचं (साखळी अडकवायच्या कडीचं) वजनही पाइपच्या वजनात धरायचं, ट्रॅक चराच्या काठापासून किती मागे ठेवायचा, पावसात तो आणखी किती मागे न्यायचा, हे सगळं हाताने शिकायचं आहे.

आणि एकट्या ऑपरेटरला शिकवून भागत नाही. वजन बांधणाऱ्याला आपण साइटवर खलाशी म्हणतो. हा शब्द उगाच आलेला नाही. केरळात बेपूरचे खलाशी पिढ्यानपिढ्या लाकडी जहाजं दोर, ओंडके आणि रहाट यांच्या जोरावर पाण्यात उतरवत आलेत. तिथे हाक देणारा एक असतो आणि त्याच्या हाकेशिवाय कुणी हात लावत नाही. आपल्या चरावर एकाच वेळी पाच जण हात हलवत असतात, मुकादम ओरडतो, सुपरवायझर शिट्टी मारतो, आणि चरातला हेल्पर ऑपरेटरला दिसतही नाही. इशारा एकानेच द्यायचा, वजन हवेत असताना चरात कुणी राहायचं नाही, पाइप हाताने न धरता दोरीने वळवायचा. हे टोळीने मिळून शिकायचं असतं. ऑपरेटरला शिकवून हेल्पर तसाच ठेवला तर मरणार तो हेल्परच.

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो तो मुद्दा. शिकलेला ऑपरेटर नाही म्हणाला तर पुढे काय? यंत्र तासाच्या भाड्यावर आलेलं असतं. ऑपरेटर यंत्रमालकाचा, काम सबठेकेदाराचं, बिल ठेकेदाराचं. आमच्या दरसूचीत पाइपचं काम "लोअरिंग, लेइंग अँड जॉइंटिंग" (उतरवणं, बसवणं आणि जोडणं) अशा एका बाबीत मीटरवर मोजलं जातं. त्यात लोअरिंग हा पहिलाच शब्द, आणि त्याचा वेगळा पैसा नाही. दिवसाला जितके मीटर तितके पैसे, तिथे "जमीन ओली आहे, उचलत नाही" म्हणणारा माणूस दोन तासांत घरी जातो. ज्यांचा आक्षेप आहे की ठेकेदारी बदलल्याशिवाय प्रशिक्षण फुकट आहे, ते बरोबर बोलतायत. पण ठेकेदारी बदलेपर्यंत शिकवणं थांबवा, असा निष्कर्ष त्यातून काढू नका. दोन्ही एकाच निविदेत बसवता येतं. पाइप उतरवण्याची बाब वेगळी काढा. त्यात उचलकाम शिकलेला ऑपरेटर आणि शिकलेला इशारेवाला यांची अट घाला. सुरक्षेच्या कारणाने यंत्र थांबलं तर त्या तासांचं भाडं देय ठेवा आणि नकार रजिस्टरमध्ये इंजिनिअरच्या सहीने लिहा. कारखान्यातून निघतानाच प्रत्येक पाइपवर त्याचं वजन रंगवलेलं असू द्या. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. खर्चाचं म्हणाल तर बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठीच घेतला जातो. चरात उतरणाऱ्या माणसाच्या जिवापेक्षा मोठं कल्याण कुठलं?

शिकवलेले ऑपरेटर पळून जातात, ही यंत्रमालकांची तक्रार मी समजू शकतो. लहान मालकाचं एकच यंत्र असतं, त्यावर बँकेचा हप्ता असतो, आणि खर्च करून शिकवलेला माणूस पाच हजार जास्त देणाऱ्याकडे जातो किंवा आखातात जातो. पण आखातात गेल्यावर तोच माणूस तिथल्या साइटच्या फाटकावर तिऱ्हाईत संस्थेची चाचणी देऊन मगच कॅबमध्ये चढतो, आणि ती तो देतोही. अशी चाचणी त्याने आपल्या गावाशेजारच्या कामावर का देऊ नये? ती सगळ्याच कामांवर लागू झाली तर पळून जाण्यात मालकाचं नुकसानही उरणार नाही, कारण येणारा नवा माणूसही शिकलेलाच असेल.

ही चाचणी कशी असावी हे मला ठरवू दिलं तर मी एकच प्रसंग उभा करीन. 900 मिमीचा पाइप, यंत्रापासून आठ मीटर दूर. चराचा काठ काळ्या मातीचा, त्यावर रात्रीच्या पावसाची भेग. खाली चरात पिवळी टोपी घातलेला पुतळा. साखळी मधल्या दाताला आधीच अडकवून ठेवलेली. आणि काठावर उभा राहून एक मुकादम ओरडतोय, "अरे टाक लवकर, सिमेंटची गाडी आलीय!" पाइप अलगद, एकही धक्का न देता खाली नेऊन ठेवणाऱ्याला मी नापास करीन. बकेट जमिनीला टेकवून, इंजिन बंद करून जो कॅबमधून खाली उतरेल, त्याच्या कार्डावर उचलकामाचा शिक्का मारीन.